पडद्यावरचा खांदेश

भुसावळ जंक्शन रेल्वेसाठी जितके मोलाचे, तितकेच ते चित्रपटाच्या धंद्यासाठीही होते. वितरणाच्या सोयीसाठी हिंदी चित्रपटव्यवसायाने देशाची जी सर्किटे पाडली, त्यांत जळगाव आणि धुळे हे जिल्हे मुंबई सर्किटात आले नाहीत. ते सीपी-बेरार सर्किटात गेले, म्हणजे अकोला, अमरावती, नागपूर, जबलपूर, रायपूर यांच्या सोबतीला. मध्य भारतातील वितरक आणि प्रदर्शक यांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या संघटनेचा कारभार भुसावळातून चालत आला. रिळांच्या पेट्या रेल्वेने जात-येत, आणि मुंबईहून नागपूरकडे व इटारसीकडे जाणारे लोहमार्ग इथेच फुटतात. वितरकाला याहून सोयीचे गाव सापडणे कठीण. मराठी चित्रपटाचा संसार मात्र दुसरीकडे थाटलेला होता. त्याचे स्टुडिओ, निर्माते आणि हुकमी प्रेक्षक मुंबई, पुणे, कोल्हापूर या पट्ट्यात होते. पडद्यावरच्या मराठी खेड्याने जी भाषा उचलली ती कोल्हापूर-साताऱ्याकडची. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची बोली त्यात बसली नाही. चित्रपटांच्या व्यापारात खांदेश मध्यभागी आणि मराठी चित्रपटाच्या कथानकात तो काठावर, अशी ही जुनी विसंगती आहे.

खांदेशाची हद्दही या संदर्भात थोडी सैल ठेवावी लागते. १९०६ मध्ये जुन्या खांदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत तो मुलूख खांदेशातच गणला जाई, आणि बोलीच्या व बाजारपेठेच्या नात्याने तो आजही धुळ्याला लागून आहे. अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. त्यांच्याकडे जाणारा रेल्वेचा प्रवासी मात्र जळगावला उतरतो. तेव्हा इथे जन्मलेल्या माणसांनी केलेले, इथल्या शब्दांवर उभे राहिलेले किंवा इथली माणसे दाखवणारे चित्रपट एकत्र घेतले तरच काही चित्र तयार होते. या चित्रपटांचे प्रकार एकमेकांपासून फार दूरचे आहेत. मातृभक्तीचा चरित्रपट, संगीतिका, स्त्रीकेंद्री सामाजिक पट, ऐतिहासिक प्रेमकथा, विडंबन, माहितीपट या सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. गाण्यातून चालणाऱ्या चित्रपटाला ‘कथानक विरळ आहे’ म्हणणे किंवा विडंबनपटाला ‘तांत्रिक बाजू कच्ची’ म्हणणे ही समीक्षा नसून चुकीच्या तराजूत टाकलेले वजन आहे.

सुरुवात ‘श्यामची आई’पासून करावी लागते, आणि तिथेच पहिली अडचण येते. आचार्य अत्रे यांचा हा चित्रपट १९५३ चा. उत्कृष्ट भारतीय चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक सुरू झाले तेव्हा पहिले पदक त्यालाच मिळाले. त्यातले घर, समुद्र आणि शाळा कोकणातली. पण ती गोष्ट सांगणारा आवाज घडला तो अमळनेरात. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांची देखभाल करत होते आणि त्यांच्यासाठी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक चालवत होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. ‘श्यामची आई’ पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. संध्याकाळी मुलांना जवळ बसवून एकेक आठवण सांगायची, ही त्या पुस्तकाची बेचाळीस रात्रींची रचना शिक्षकाची आहे, आणि तो शिक्षक खांदेशातला आहे.

अत्रे यांनी ही रचना जवळजवळ तशीच ठेवली. चित्रपट एका सलग कथानकाऐवजी प्रसंगमालिकेने पुढे सरकतो. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एक शिकवण येते. आजच्या प्रेक्षकाला ती शिकवण जड वाटेल. ती पेलली जाते वनमालाबाईंमुळे. त्यांची आई रडवण्यासाठी रडत नाही. दारिद्र्य वाढत जाते तसा तिचा आवाज अधिक खाली उतरतो. माधव वझे यांचा श्याम हट्टी आणि खरा आहे, आदर्श बालक नाही. मातृपट या प्रकारात अश्रू हे चलन असते. हा चित्रपट ते हात राखून खर्च करतो, म्हणून टिकला. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये त्याच पुस्तकावर पुन्हा कृष्णधवल चित्रपट केला. त्यात ओम भूतकर यांनी साने गुरुजी उभे केले आणि बालपणाच्या आठवणी स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रौढ माणसाशी जोडल्या. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. पहिल्या चित्रपटाची भावनिक पकड त्याला नाही, पण आई गेल्यावर त्या संस्कारांचे पुढे काय झाले हा प्रश्न तो विचारतो, आणि हा प्रश्न अत्रे यांनी विचारला नव्हता.

अत्रे यांचे नाव खांदेशाच्या दुसऱ्या मोठ्या ठेव्याशीही निगडित आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे ३ डिसेंबर १९५१ रोजी निधन झाले. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती अत्रे यांच्या प्रस्तावनेसह. नऊ वर्षांनी अनंत माने यांच्या ‘मानिनी’ने त्यांतली काही पडद्यावर आणली. वसंत पवार यांचे संगीत, जयश्री गडकर यांची नायिका आणि गोव्याच्या मातीतल्या महादेवशास्त्री जोशी यांची कथा, असा हा मेळ होता. ‘सांगत्ये ऐका’सारखा तमाशापट गाजवलेल्या दिग्दर्शकाने घरगुती कथेकडे वळताना जात्यावरची गाणी निवडली, हा निर्णय धाडसाचाच म्हणायला हवा. बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, क्रियापदे वेगळी वळतात. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ते अपरिचित होते. तरी गाणी घराघरांत गेली. कौटुंबिक मेलोड्रामा म्हणून ‘मानिनी’ आपल्या काळाच्या चौकटीत बसणारा, नेटका चित्रपट आहे. त्याचे आजचे महत्त्व गाण्यांपुरते उरले आहे. मात्र याच गाण्यांनी खांदेशाची बोली मराठी पडद्यावर पहिल्यांदा सन्मानाने ऐकवली. इतर चित्रपटांत खेडवळ बोली आली की विनोदी नोकर बोलतो. इथे ती नायिकेच्या सुखदुःखाची भाषा झाली.

खांदेश पडद्यावर दिसण्याआधी ऐकू आला, हे सूत्र इथून पुढे अनेक वर्षे टिकले. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण ना. धों. महानोर. अजिंठ्याच्या डोंगरकुशीतले पळसखेडे हे त्यांचे गाव. शिक्षण शेंदुर्णी आणि जळगाव इथले. शेतकरी कवी अशी त्यांची ओळख झाली ती शेतीवर कविता लिहिली म्हणून नव्हे, शेतकऱ्याच्या बोलण्याची लय त्यांनी मोडू दिली नाही म्हणून. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’साठी त्यांनी गाणी लिहिली आणि मराठी संगीतपटाची दिशा बदलली.

‘जैत रे जैत’ १९७७ चा. गो. नी. दांडेकर यांची कादंबरी, कर्नाळ्याच्या परिसरातले ठाकर, लिंगोबाच्या डोंगरावरची मधमाश्यांची पोळी. पुण्यवंत होऊ पाहणाऱ्या नाग्याचा एक डोळा राणीमाशीच्या डंखाने जातो आणि तो तिला संपवण्याची प्रतिज्ञा करतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते. गोष्ट एवढीच. बाकीचा चित्रपट गाण्यांनी भरलेला आहे. गाणे इथे प्रसंगाच्या मध्ये येत नाही, गाणे हाच प्रसंग असतो. निवेदन, ऋतू, देवाशी भांडण, शृंगार आणि शोक सारे समूहस्वरांतून येते. म्हणून या चित्रपटाकडे नाटकाच्या अपेक्षेने पाहणारा निराश होतो. मोहन आगाशे यांच्या नाग्याला मनातली घालमेल बोलून दाखवणारे संवाद फार नाहीत; ती घालमेल हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत आहे. मराठीत संगीतपट पुष्कळ झाले, पण कथा गाण्यावर इतकी सोपवून देणारा दुसरा चित्रपट दाखवणे अवघड आहे.

या चित्रपटावर एक आक्षेप घेता येतो. ठाकरांची भाषा आणि महानोरांची भाषा या दोन वेगळ्या भूगोलांतल्या. पश्चिम घाटातल्या पात्रांच्या ओठी अजिंठ्याच्या उतारावरचा शब्द आला आहे. मानववंशशास्त्राच्या दृष्टीने ही चूक ठरेल; चित्रपटाच्या दृष्टीने ती फायद्याची ठरली, कारण दोन्हीकडे पाऊस, डोंगर आणि दैवत यांच्याशी असलेला संबंध सारखाच रोखठोक आहे. चित्रपटातले खांदेशाचे धागे महानोरांपुरतेच नाहीत. चिंधी झालेल्या स्मिता पाटील शिरपूरच्या राजकीय घराण्यातल्या. संगीतकार हृदयनाथ आणि निर्मात्या उषा मंगेशकर यांचे आजोळ शिरपूर तालुक्यातले, तापीकाठचे थाळनेर. कर्नाळ्याच्या डोंगरात चित्रित झालेल्या या चित्रपटाचे शब्द, चेहरा आणि सूर असे तिन्ही अंश खांदेशाशी नाते सांगतात. पडद्यावर खांदेशाचे एकही गाव नाही.

महानोरांची पुढची चित्रगीते या सूत्राला पुष्टी देतात. राजदत्त यांचा ‘सर्जा’ (१९८७) ही ऐतिहासिक पार्श्वभूमीची प्रेमकथा. तिथेही पावसाचे गाणे कथेहून अधिक जगले. ‘एक होता विदूषक’ (१९९२) हा वेगळ्या जातीचा चित्रपट: पु. ल. देशपांडे यांची पटकथा, आनंद मोडक यांचे संगीत आणि तमाशातल्या सोंगाड्याचा नटापासून राजकारण्यांच्या हातातल्या बाहुल्यापर्यंतचा प्रवास. लक्ष्मीकांत बेर्डे यांना विनोदी चित्रपटांच्या रतिबातून बाहेर काढणारी ही भूमिका त्यांच्या नेहमीच्या प्रेक्षकाने स्वीकारली नाही. दोष प्रेक्षकाचा एकट्याचा नाही. पहिल्या भागातला फड जितका जिवंत आहे, तितका उत्तरार्धातला राजकीय उपहास धारदार नाही. महानोरांची फडावरची गाणी मात्र अस्सल लावणीच्या घाटाची आहेत. ती वाचून लिहिलेली वाटत नाहीत, ऐकून लिहिलेली वाटतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’त (१९९५) त्यांनी अगदी उलट काम केले. लग्नाच्या दिवशीच नवरा मुलगा दगावतो, पांढऱ्या पायाची ठरलेली थोरली बहीण पोटासाठी मुंबईत विकली जाते, धाकटीला हे हळूहळू कळते. अशा विषयात गीत सजावट ठरण्याचा धोका असतो. ‘दोघी’तली गाणी कोरडवाहू जमिनीसारखी मोजकी आहेत आणि तीच त्यांची ताकद आहे. दुष्काळी गावातल्या बाईची मराठी पडद्यावरची सर्वांत प्रामाणिक कथा म्हणून आजही या चित्रपटाचे नाव घ्यावे.

स्मिता पाटील यांच्याबद्दल वेगळे थोडे सांगावे लागते, कारण खांदेश त्यांच्यावर हक्क सांगतो तो जन्मभूमी म्हणून नव्हे. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे. ‘उंबरठा’ (१९८२) हा स्मिता यांचा मराठीतला सर्वांत महत्त्वाचा चित्रपट. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकर यांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन. महिलाश्रमाची अधीक्षक होण्यासाठी सुलभा महाजन घर सोडते आणि परतल्यावर घरात तिची जागा उरलेली नसते. सामाजिक समस्यापट या प्रकाराचा नेहमीचा आजार म्हणजे समस्येने पात्राला गिळणे. आश्रमातल्या काही प्रसंगांत तो इथेही जाणवतो. प्रत्येक बाई एकेका प्रश्नाची प्रतिनिधी होऊन येते. स्मिता पाटील तो आजार वाढू देत नाहीत. सुलभाची चीड, तिचा थकवा आणि तिचा थोडासा अहंकारही त्या लपवत नाहीत. नायिकेला सहानुभूतीच्या पलीकडे नेऊन तिच्याशी वाद घालावासा वाटावा, इतके स्वातंत्र्य मराठी स्त्रीपटाने याआधी क्वचित घेतले होते. १३ डिसेंबर १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. खांदेशाच्या भूमीवर, खांदेशी बाईची भूमिका करण्याची संधी मराठी चित्रपटाने त्यांना दिली नाही.

खांदेशाच्या वेशीवरची भूमी थेट विषय झाली ती ‘अजिंठा’मध्ये. नितीन चंद्रकांत देसाई यांचा हा २०१२ चा चित्रपट महानोरांच्या त्याच नावाच्या दीर्घकवितेवर आधारलेला आहे. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४० च्या दशकात अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पारो या स्थानिक तरुणीशी त्याचे नाते जुळले. तिची कबर अजिंठा गावात आहे. गिल १८७९ मध्ये भुसावळला वारला आणि तिथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरले. या माहितीत शोकात्मिकेचे सगळे घटक आहेत: जळालेले काम, मेलेली प्रेयसी, परक्या मातीत उरलेला चित्रकार.

चित्रपटाने यातले प्रेम घेतले आणि काम सोडले. एक माणूस अंधाऱ्या लेण्यात वटवाघळे, ताप आणि ओल सोसत दुसऱ्याच्या चित्राची नक्कल वर्षानुवर्षे का करतो, या प्रश्नात खरा चित्रपट होता. कलादिग्दर्शक म्हणून देशभर नाव मिळवलेल्या देसाई यांची नजर मात्र चौकट सजवण्याकडे वळते. प्रत्येक दृश्य देखणे आहे आणि देखणेपणाच त्याला स्थिर करून टाकतो. सोनाली कुलकर्णी यांची पारो नृत्यात खुलते, संवादात नाही. कवितेत पारोचे मौन बोलके आहे. पडद्यावर ते मौन भरून काढायला कौशल इनामदार यांच्या संगीताला सतत धावावे लागते. ऐतिहासिक प्रेमकथेला काळाचा तपशील लागतो, नुसता काळाचा पोशाख पुरत नाही. कवी आणि दिग्दर्शक दोघेही २०२३ च्या ऑगस्टमध्ये, लागोपाठच्या दोन दिवशी गेले: देसाई २ तारखेला, महानोर ३ तारखेला.

जळगाव जिल्ह्यातून आलेल्या दिग्दर्शकांत शिवाजी लोटन पाटील यांचे काम सर्वांत ठळक आहे. ‘धग’साठी २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. स्मशानात प्रेते जाळण्याचे परंपरागत काम करणारे कुटुंब, त्या कामापासून पळू पाहणारा मुलगा आणि परिस्थितीने पुन्हा तिथेच ओढून आणलेला, अशी ही कथा. दारिद्र्यपट या प्रकारात दोन सोपे मार्ग असतात: करुणेचा अतिरेक किंवा शेवटी उपकारकर्त्याचे आगमन. ‘धग’ दुसरा टाळतो, पहिल्याच्या जवळून जातो. त्याला सावरते ती कामाची नोंद. लाकडे रचणे, राख सावडणे, उरलेल्या वस्तू वेचणे हे सारे रोजच्या कष्टासारखे दाखवले आहे, भयप्रद म्हणून नव्हे. उषा जाधव यांच्या आईत ‘श्यामची आई’ची छाया शोधणाऱ्याला फरक लगेच जाणवेल. इथे आई मुलाला संस्कार देत नाही, वेळ मिळवून देते. त्याच्या शिक्षणाची मुदत एकेक दिवसाने वाढवत राहते.

‘धग’नंतरचे पाटील यांचे चित्रपट विषयाच्या धैर्यासाठी लक्षात राहतात. राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’ मुस्लिम समाजातल्या तलाक आणि पुनर्विवाहाच्या प्रश्नाला हात घालतो, आणि ‘भोंगा’ आजारी तान्ह्या बाळाच्या घराशेजारच्या मशिदीच्या ध्वनिक्षेपकाला. ‘भोंगा’ ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. २०२२ मध्ये तो चित्रपटगृहात आला तेव्हा राज्यात भोंग्यांवरून राजकारण तापलेले होते, आणि त्या गोंगाटात चित्रपट म्हणून त्याची चर्चा फारशी झालीच नाही. या दोन्हींत मुस्लिम पात्रे शेजारच्या माणसांसारखी येतात, निषेधाचा किंवा दयेचा विषय म्हणून नाही. मराठी चित्रपटात ही दुर्मीळ गोष्ट आहे. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारावरचा त्यांचा हिंदी ‘३१ ऑक्टोबर’ मात्र फसला. सोहा अली खान आणि वीर दास यांचे कुटुंब घरात अडकलेले असताना जो ताण साचायला हवा, तो विखुरतो. एका रात्रीचा थरार हे वेगळे कौशल्य आहे, आणि सावकाश दाटत जाणाऱ्या ग्रामीण कथेच्या दिग्दर्शकाला ते आपोआप साधत नाही.

यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांना मराठी कथापट अजून भिडलेला नाही. ‘कोसला’ १९६३ ची; तिच्यातला खांदेशी निवेदक पुण्यात येऊन सगळ्याची उलटतपासणी करतो, आणि त्या बोलण्याच्या तऱ्हेतच कादंबरी आहे. ती तऱ्हा कॅमेऱ्यात पकडणे सोपे नाही. अक्षय इंडीकर यांच्या ‘उदाहरणार्थ नेमाडे’ (२०१६) या चित्रपटाने मधला मार्ग काढला: लेखकाशी संवाद आणि कादंबऱ्यांतल्या प्रसंगांचे नाट्यरूप यांची सरमिसळ. प्रयोग असमान आहे, पण लेखकाच्या गौरवपटात तो अडकत नाही.

खांदेशाच्या चित्रपटांतला सर्वांत स्वतंत्र प्रकार मात्र पुरस्कारांच्या वाटेने आला नाही. मालेगावच्या यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी कामगार चित्रपटगृहात आणि व्हिडिओ पार्लरमध्ये गर्दी करतात. स्वतः व्हिडिओ पार्लर चालवलेले नासिर शेख यांनी या प्रेक्षकासाठी ‘मालेगाव के शोले’ केला. लग्नाचे चित्रीकरण करणारा कॅमेरा, गावातलेच नट, घोड्यांच्या जागी सायकली, गब्बरच्या जागी रबरसिंग आणि बसंतीच्या जागी बासमती. पैसा नाही ही अडचण त्यांनी विनोदात बदलली. मूळ चित्रपटातली भव्यता काढून घेतली की तिचा आव किती पोकळ होता हे दिसते, आणि त्याच वेळी मूळ चित्रपटावरचे प्रेमही दिसते. विडंबनाला नेमके हेच लागते. ज्या गोष्टीची थट्टा करायची ती मुखोद्गत असावी लागते, आणि मालेगावच्या प्रेक्षकाला ‘शोले’ मुखोद्गत होता.

या चित्रपटांची बोली हा स्वतंत्र विषय आहे. ती उर्दू आहे, पण लखनौची नाही. दखनी वळणाची, मराठी आणि खांदेशी शब्द मिसळलेली, यंत्रमागाच्या खडखडाटात मोठ्याने बोलण्याची सवय लागलेली. मुंबईच्या हिंदी चित्रपटातला मुस्लिम नायक नवाबी अदब राखून बोलत असताना मालेगावचा नायक आपल्या गल्लीसारखा बोलला. संकलन ओबडधोबड, आवाज फाटलेला, प्रकाश चुकलेला. तरी गावाने ते चित्रपट तिकीट काढून पाहिले. राष्ट्रीय सन्मान मिळवलेल्या कितीतरी मराठी चित्रपटांना स्वतःच्या गावात असा प्रेक्षक मिळालेला नाही.

बाहेरच्या जगाला हे कळले ते फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे. २००८ मध्ये तयार झालेला हा माहितीपट २०१२ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. ‘मालेगाव का सुपरमॅन’ या विडंबनपटाची निर्मिती त्यात टिपली आहे. यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा शफीक सुपरमॅनचा पोशाख चढवतो, आणि त्याच्यावर हसणारा प्रेक्षक थोड्याच वेळात त्याच्यासाठी हळवा होतो. शफीक पुढे कर्करोगाने गेला. माहितीपटाची ताकद ही की तो या मंडळींना कौतुकाची बाहुली करत नाही. त्यांच्या अडचणी हसत सांगितल्या जातात, कारण ते स्वतः त्या हसत सांगतात. रीमा कागती यांनी याच माणसांवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी कथापट केला. वरुण ग्रोव्हर यांचे लेखन आणि आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग, शशांक अरोरा यांच्या भूमिका. २०२४ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत तो आला. अभिनय उत्तम आहे. पण माहितीपटातले बेभरवशाचे, अर्धवट सुटलेले आयुष्य इथे मैत्री, दुरावा आणि पुनर्मीलन अशा ओळखीच्या वळणांनी नीट बांधले गेले आहे. मुंबईच्या सफाईला नाकारून उभ्या राहिलेल्या चित्रपटांची गोष्ट मुंबईच्या सफाईने सांगितली आहे. दोन्ही पाहायचे असतील तर आधी माहितीपट पाहावा.

अहिराणीची कथा याच्या पुढे जाते. २०११ च्या जनगणनेत खांदेशी या गटात १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली, आणि त्यांतले बहुसंख्य अहिराणी बोलणारे. या प्रेक्षकाने आपला पडदा मोबाइलमध्ये शोधला. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ आणि ‘हाई झुमका वाली पोर’ यांसारखी अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली आणि खांदेशाबाहेरच्या लग्नांच्या वरातींतही वाजली. त्यांची चित्रणे कथापटाच्या मापाने मोजण्यासारखी नाहीत. चार मिनिटांत एक मुलगा, एक मुलगी, शेताचा बांध, मोटारसायकल आणि नाच. मजकूर बराचसा ठराविक आहे, आणि बाईकडे पाहण्याची नजर कित्येकदा जुनाट. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. बहिणाबाईंच्या गाण्यांना पडद्यावर यायला पुण्या-मुंबईचा निर्माता लागला होता. या गाण्यांना तो लागला नाही. गायक, नट, कॅमेरावाला आणि प्रेक्षक सगळे तापीच्या खोऱ्यातले आहेत.

बोली चालत नाही ही सबबही आता उरलेली नाही. ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) यांनी करमाळ्याकडची भाषा तिच्या सर्व खाचाखोचांसह राज्यभर चालवून दाखवली, आणि प्रेक्षकाने कुठेही अर्थ विचारला नाही. खांदेशाकडे कवी होते, अभिनेत्री होती, राष्ट्रीय पुरस्काराचा दिग्दर्शक आहे, वितरणाचा अनुभव भुसावळात आहे आणि अहिराणीत पैसे मोजून करमणूक घेणारा प्रेक्षकही आहे. तरी पात्रे आरंभापासून अखेरपर्यंत अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलतात असा, राज्यभर गाजलेला पूर्ण लांबीचा कथापट अजून आलेला नाही.